ठकीचं खोटं बाळंतपण

"ठकी पोटुशी आहे," आत्या म्हणाली. हातातलं पुरणयंत्र खाली ठेवून तिनं माझ्याकडे असं बघितलं, की त्यात माझाच काहीतरी हात असावा.

"आत्या, ती पोटुशी नाही."

"मग हे काय?" आत्यानं बोट दाखवलं. ठकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून पसरली होती. पोट सुटलेलं, सड तटतटलेले, आणि एका सडाच्या टोकाला पांढरा थेंब. "हे काय ताक आहे?"

ठकी ही आमची कुत्री. आईच्या बाजूनं पॉमेरियन आणि बापाच्या बाजूनं कराडची शनिवार पेठ. अंगावर पांढरे भरघोस केस, शेपूट मात्र पेठेतली. आई गेल्यापासून आमचं घर आत्याच चालवायची, आणि ठकी सोडून घरातलं प्रत्येक माणूस तिच्या धाकात होतं.

"ती माजावर होती तेव्हा मी तिला गच्चीवर कोंडलं होतं. फाटक बंद, जिन्याला कडी. एकही कुत्रा तिच्या वाऱ्याला आलेला नाही."

"मग दूध कुठून आलं? नवसानं?"

"याला खोटं बाळंतपण म्हणतात. माज सरल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी होतं काही कुत्र्यांना. शरीराचा गैरसमज होतो की आपल्याला पिल्लं झाली. पोट सुटतं, दूध येतं, खाणं कमी होतं, कोपऱ्यात उकरत बसते. मग एखादी वस्तू पिल्लू समजून सांभाळते. दोन-तीन आठवड्यांत आपोआप उतरतं."

नाना, म्हणजे माझे वडील, हातात हार घेऊन दारात उभे होते. बियाण्यांचं दुकान त्यांनी आज बंद ठेवलं होतं. "ते उतरेल तेव्हा उतरेल. पाहुणे तासाभरात येतायत. त्यांना काय सांगायचं?"

"खोटं आहे म्हणून सांगा."

"खोटं आहे म्हणून सांगितलं की लोकांची खात्रीच पटते," आत्या म्हणाली. "थांब, मी दूध पिळून काढते. पोट तरी उतरेल."

"अजिबात हात लावू नकोस. पिळलं की आणखी येतं. शेकायचं नाही, चोळायचं नाही. तिलाही चाटू द्यायचं नाही."

चाटू नये म्हणून मी ठकीला माझी जुनी बंडी घातली. बंडी घातलेली ठकी फारच केविलवाणी दिसायला लागली. त्याहून केविलवाणं प्रकरण पुढेच होतं. ठकीनं पिल्लू म्हणून देवघराच्या टोपलीतला एक नारळ निवडला होता. शेंडीवाला. दोन दिवस ती त्या नारळाला पोटाशी घेऊन झोपत होती आणि त्याची शेंडी चाटून चाटून तिनं गुळगुळीत केली होती. कुणी जवळ गेलं की गुरगुरायची. अशा वेळी ती वस्तू नजरेआड करायची असते, त्याशिवाय डोक्यातलं खूळ जात नाही. सकाळी तिला फिरवून आणताना मी नानांकरवी नारळ काढून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवला. मग ठकीला परसात, जांभळीच्या सावलीला साखळीनं बांधलं. ती थोडा वेळ जमीन हुंगत राहिली आणि नंतर गळा काढून रडायला लागली.

ते रडणं ऐकतच पाहुणे आले.

सांगलीचे नाझरेकर. मला पसंत करून झालं होतं. आज याद्या व्हायच्या होत्या. मुलगा शैलेंद्र साखर कारखान्यात केमिस्ट होता. आम्ही दोनदा भेटलो होतो आणि दोन्ही वेळा त्यानं माझ्या जनावरांच्या दवाखान्याविषयी इतके प्रश्न विचारले होते, की मला वाटलं हा मला बघायला आलाय की एखादी म्हैस दाखवायला. मला तो आवडला होता. पण त्याच्या वडिलांना मी पहिल्यांदाच बघत होते.

दादासाहेब नाझरेकर पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. ताठ मान, खर्जातला आवाज, आणि डोक्यावर असे काळेभोर दाट केस की कावळ्यानं मान खाली घालावी. मे महिना, अँबॅसिडरच्या चारी काचा उघड्या, सांगली ते कराड रस्त्याची धूळ. ड्रायव्हरसकट बाकी तिघांच्या तोंडावर रस्ता बसला होता. दादासाहेबांचा एक केस हलला नव्हता.

"छान ठेवलीय तब्येत," नाना कौतुकानं म्हणाले. "आमचं बघा, सगळं रान मोकळं झालंय."

"नियमितपणा," दादासाहेब म्हणाले. "आयुष्यात नियमितपणा पाहिजे."

त्यांच्या पत्नी इंदुताई वाक्य सुरू करायच्या आणि दादासाहेब ते पुरं करायचे, अशी त्या घरची पद्धत असावी. आत्यानं त्यांना कुंकू लावून आल्या आल्या ओटी भरली, मागाहून गडबडीत राहायला नको म्हणून. मग पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया. परसातून ठकीचा सूर चालूच.

"कोण रडतंय हो?" इंदुताईंनी विचारलं.

"आमची कुत्री," आत्या म्हणाली. "बाळंतीण आहे. म्हणजे नाही. म्हणजे खोटी आहे. हेमांगी, तू सांग बाई."

मी थोडक्यात सांगितलं. इंदुताई लक्ष देऊन ऐकत होत्या. मग त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "आणि एखादं मांजर सारखं कान खाजवत असेल, डोकं झटकत असेल, आणि कानात काळी काळी पूड..."

"जेवताना हा काय विषय?" दादासाहेब म्हणाले.

"कॉफीच्या भुकटीसारखी दिसते का?" मी इंदुताईंनाच विचारलं.

"अगदी तशीच."

"मग कानातल्या बारीक किड्यांमुळे असेल. डोळ्यांना सहज दिसत नाहीत. काडी घालून कोरायचं नाही, आत इजा होते. कान तपासून औषधाचे थेंब द्यावे लागतात, आणि सोबत राहणारी बाकीची मांजरं असतील तर त्यांनाही. नाहीतर याचं त्याला आणि त्याचं याला चालूच राहतं."

"कुणाचं मांजर?" दादासाहेबांनी बायकोकडे बघितलं.

"शेजारच्यांचं," इंदुताई म्हणाल्या आणि पोळीवर तूप ओढून घेतलं.

दादासाहेबांनी घसा साफ केला. "आता विषय निघालाच आहे तर बोलून घेऊ. मुलगी शिकलेली आहे, चांगली आहे. आमचं म्हणणं एकच. लग्नानंतर हे कुत्र्या-मांजरांत हात घालणं बंद. आमच्या घराण्याला ते शोभत नाही. बँकेची परीक्षा द्यावी, आम्ही ओळखी काढू. आणि घरात जनावर येता कामा नये. केस गळतात."

मी शैलेंद्रकडे बघितलं. त्यानं कुरडई मोडली, तोंडात घातली आणि ती जगातली शेवटची कुरडई असल्यासारखा तिच्याकडेच बघत राहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जेवणं झाल्यावर दादासाहेब मागच्या खोलीत आडवे झाले. शैलेंद्र पुढच्या ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसला. इंदुताई हात धुवायला परसात गेल्या आणि नंतर ओटी मांडीवर घेऊन माजघरात नानांसमोर येऊन बसल्या. मी स्वयंपाकघरात आत्याला म्हणाले, "चहा झाला की मी नाही म्हणून सांगणार आहे."

"वेडी का खुळी तू?"

"माझी पाटी मी स्वतः रंगवलीय, आत्या. ती पुसून क्लार्क व्हायचं?"

"अगं, आत्ता हो म्हणायचं. पुढचं पुढे. सगळ्यांनी असंच केलंय."

"म्हणूनच."

आत्या पुढे काही बोलणार इतक्यात मागच्या खोलीतून आवाज आला. "हॅक! हॅक! सोड!" मग एक धप्पकन आवाज. मग गुरगुर. ती गुरगुर माझ्या ओळखीची होती. मी खिडकीतून जांभळीकडे बघितलं. साखळी जमिनीवर पडलेली, ठकी गायब.

आम्ही सगळे मागच्या खोलीच्या दाराशी गोळा झालो. दार लोटलेलं होतं. नाना हात लावणार तोच आतून खाडकन कडी बसली.

"दादासाहेब, काय झालं?" नानांनी विचारलं.

आतून बराच वेळ काही नाही. मग, "काही नाही."

"कुत्री आत आहे का?"

"असेल."

"दार उघडता का? बाहेर काढतो तिला."

"नको! कुणी आत यायचं नाही." मग तो खर्जातला आवाज जरा वर सरकला. "डॉक्टरांना बोलवा."

नानांचा चेहरा उतरला. "छातीत दुखतंय का? शेजारीच एक डॉक्टर आहेत, आत्ता..."

"तसले डॉक्टर नकोत! कुत्र्याचे. तुमची मुलगी. एकटी."

कडी निघाली, दार एका माणसापुरतं उघडलं, मी आत शिरले आणि कडी परत लागली.

दादासाहेब पलंगावर पाय वर घेऊन बसले होते. डोक्याला आमचा पंचा घट्ट गुंडाळलेला, हातात नानांची छत्री. खाली, पलंगाच्या पार आतल्या कोपऱ्यातून गुरगुर चालली होती.

"चावली का?" मी आधी विचारलं.

"नाही. अंगावर आली."

"हात दाखवा. पायही. ओरखडा, दात लागलेला, काही असेल तर सांगा. तिला रेबीजची लस टोचलेली आहे, तरी जखम असली तर साबण लावून भरपूर पाण्यानं धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचं, अंगावर काढायचं नाही."

पाटबंधारे खात्याचे निवृत्त कार्यकारी अभियंता शाळेत नखं दाखवावीत तसे हात पुढे करून बसले. एक ओरखडा नव्हता. मी खाली वाकून पलंगाखाली बघितलं. बंडी घातलेली ठकी कोपऱ्यात वेटोळं करून पडली होती आणि तिच्या पुढच्या पायांत काहीतरी काळं, केसाळ होतं. ती ते मनापासून चाटत होती. मधूनच नाकानं पोटाकडे ढकलत होती.

मला एका क्षणात सगळं कळलं. पण माझ्या अंगात तेव्हा शहाणपणापेक्षा राग जास्त होता.

"तिच्याजवळ काय आहे ते?" मी विचारलं.

"रुमाल," दादासाहेब म्हणाले.

"काळा?"

"काळा."

"केसाळ आहे."

"लोकरीचा आहे."

"मे महिन्यात?"

पंच्याखालून घामाचा एक ओघळ भुवईपर्यंत आला.

"बरं," मी म्हणाले. "रुमालच आहे तर राहू दे तिच्याकडे. मी तुम्हाला नवा आणून देते. दार उघडू?"

"नको!" आवाज फुटला. "अहो डॉक्टर, तो... ते माझं आहे. मला ते आत्ताच्या आत्ता पाहिजे. ओढून घ्या."

'मुलगी'ची मी 'अहो डॉक्टर' कधी झाले ते मला कळलंच नाही. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, ती वेळ त्यांच्यावर अक्षरशः आली होती.

"ओढता येणार नाही. तिच्या दृष्टीनं ते तिचं पिल्लू आहे. कालपर्यंत दुसरं होतं, ते आज सकाळी मी काढून घेतलं. आईच्या तोंडातून पिल्लू ओढायला गेलं तर ती चावते, आणि ओढाताणीत पिल्लाचेही..." मी जरा थांबले. "पिल्लाचेही केस जातात."

दादासाहेबांनी डोळे मिटले.

"एरवी अशा कुत्रीला मी फिरायला नेलं असतं. साखळी वाजली की येते बाहेर. पण त्याला दार उघडावं लागेल."

"दार उघडायचं नाही."

"मग एकच उपाय. तिला तिचं आधीचं पिल्लू परत द्यायचं. म्हणजे अदलाबदल. खरं तर उपचार म्हणून हे चुकीचं आहे, ती आणखी दोन दिवस त्यातच गुंतून पडेल. पण तुमच्यासाठी करते."

मी दार फटीएवढं उघडलं. बाकीचे माजघरात जाऊन बसले होते, आत्या तेवढी दाराशी होती. "आत्या, फळीवरचा नारळ दे."

"कुठला?"

"वरच्या फळीवरचा. शेंडी गुळगुळीत झालेला."

आत्याचा चेहरा पांढरा पडला. "तो फळीवर कुठाय? तो मी..." आणि तिनं इंदुताईंच्या मांडीवरच्या ओटीकडे बघितलं.

इंदुताईंनी पदर बाजूला केला, खणातून नारळ उचलला, फिरवून बघितला. "हाच का? मला मघाशीच शेंडी जरा वेगळी वाटली होती."

"नको हो," आत्या रडकुंडीला आली. "ओटीतलं परत घेतात का कुठं!"

"बाळंतिणीला दिलं तर पुण्यच लागतं," इंदुताई म्हणाल्या आणि उठून तो नारळ त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. खिडकीतलं ऊन असेल असं मला वाटलं.

नारळ बघितल्यावर ठकीचे कान उभे राहिले. मी तो जमिनीवर ठेवून हळूच लोटला. ती दोघांकडे आळीपाळीनं बघू लागली. एक काळं पिल्लू, एक तपकिरी. मग रांगत पुढे आली, नारळ हुंगला, आणि मी तिच्या गळपट्ट्यात बोट घातलं.

"आता," मी म्हणाले.

दादासाहेब पलंगावरून उतरून पोटावर झोपले आणि हात लांबवून त्यांनी ती वस्तू बाहेर ओढली. वस्तूची दशा वाईट होती. एका बाजूचे केस लाळेनं चप्प बसलेले, दुसऱ्या बाजूला फुललेले, भांग कुठे होता ते ब्रह्मदेवाला माहीत. त्या गडबडीत पंचा सुटला. खालचं डोकं निवडलेल्या तांदळासारखं स्वच्छ होतं.

दादासाहेबांनी पंचा उचलून घाम पुसला.

"वीस वर्षं," ते शेवटी म्हणाले. "ऑफिसात एकालाही माहीत नव्हतं."

मला त्यांना बोलायचं होतं ते सगळं जिभेवर तयार होतं. घराण्याला काय शोभतं आणि काय नाही, बँकेच्या परीक्षेत असले प्रश्न येतात का, वगैरे. पण जमिनीवर बसलेला, हातात केसांचा ओला टोप धरलेला साठीचा माणूस बघून माझी जीभच उचलेना. मी फक्त म्हणाले, "हा धुवायला लागेल. दुधाचा वास राहतो."

"इथे कसा धुणार?"

"खिडकीतून बाहेर द्या. परसात कुणी नाही."

"आणि कुणी विचारलं तर?"

"आम्ही पेशंटची माहिती बाहेर सांगत नाही."

"पेशंट कोण?" त्यांनी सावधपणे विचारलं.

"ठकी," मी म्हणाले.

मी नारळासह ठकीला घेऊन बाहेर आले. दादासाहेबांना जरा झोप लागतेय, उठवू नका, असं जाहीर केलं आणि परसात गेले. खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला. मी टोप घेतला, नळाखाली धरला. घरातला साबण आणायला जावं तर सतरा प्रश्न. म्हणून परसदाराशीच ठेवलेल्या माझ्या बॅगेतला गोचिडांवरचा कडुलिंबाचा शाम्पू काढला. त्यानं कुत्र्याच्या केसांना चांगली चकाकी येते. मग तुळशीवृंदावनाच्या मागे दगडावर टोप पसरून मी राखण करत बसले. मे महिन्याचं ऊन, वाळायला कितीसा वेळ?

"उन्हात नको," मागून आवाज आला. "रंग उतरतो."

शैलेंद्र उभा होता. मी उठून टोपासमोर पदर धरायला गेले, पण मी पंजाबी ड्रेसमध्ये होते.

"सावलीत उलटा ठेवा," तो म्हणाला. "आतली जाळी आधी वाळली पाहिजे. नाहीतर डोक्याला खाज सुटते."

"तुम्हाला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे. मला, आईला, ड्रायव्हरला. फक्त आम्हाला माहीत आहे हे दादांना माहीत नाही." त्यानं टोप उचलला, जांभळीच्या फांदीवर हळुवारपणे उलटा ठेवला. "दिवाळीला मी त्यांना कंगवा भेट देतो. ते खूश होतात."

मला हसू आवरेना. पण राग अजून शिल्लक होता. "जेवताना तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतात."

"हो. सगळ्यांसमोर त्यांना नाही म्हटलं की ते अडून बसतात, मग वर्षभर हलत नाहीत. गाडीत बोलणार होतो." तो ठकीजवळ उकिडवा बसला; ती गुरगुरली तसा दोन हात मागे सरकला. "पण तुम्हाला ते कसं कळणार? तिथंच बोलायला हवं होतं."

मी टोपाकडे बघत बसले. वाऱ्यानं त्याचे केस हलत होते. बहुधा पहिल्यांदाच.

टोप खिडकीतून आत गेला. थोड्या वेळानं दादासाहेब बाहेर आले. केस नेहमीपेक्षा जरा जास्तच फुललेले, चकाकणारे, आणि त्यांच्याबरोबर कडुलिंबाचा एक दरवळ माजघरात आला. चहाचे कप मांडलेले होते. नानांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की मला वाटलं यांना लॉटरी लागली.

"बसा," इंदुताई नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्हाला झोप लागली होती, म्हणून आम्ही याद्या करून टाकल्या."

"कसल्या याद्या?"

"लग्नाच्या. कार्तिकातला मुहूर्त. दोन्हीकडचा खर्च निम्मा निम्मा. आणि मुलगी सांगलीत आपला दवाखाना काढेल. आपल्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्याच असतात." एवढं सलग बोलल्यावर त्या जरा थांबल्या, चहाचा घोट घेतला. "तुमचं मत असेलच वेगळं, तर आत्ता सांगा. सगळे आहेत."

दादासाहेबांनी कपाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी अत्यंत निष्पाप चेहऱ्यानं ठकीच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"नाही," ते म्हणाले. "असंच ठरलं होतं ना?"

आत्याच्या हातातला चमचा खाली पडला.

लग्न झालं. ठकीचं दूध आटल्यावर, सगळं शांत झाल्यावर मी तिचं ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे पुन्हा माज नाही, पुन्हा नारळ नाही. ती नानांकडेच राहिली. सांगलीत घरी गेले तर परसात एक बोका निघाला, कानात कॉफीच्या भुकटीसह. तो बरीच वर्षं शेजारच्यांचा म्हणून आमच्याकडेच जेवत होता. दादासाहेबांनी माझ्या दवाखान्याविषयी कधी चांगलं म्हटलं नाही, पण त्यांचे जुने सहकारी आपापली कुत्री घेऊन माझ्याकडे यायला लागले. एकदा एकाला मी विचारलं, तुम्हाला इथलं कुणी सांगितलं? तो म्हणाला, "साहेबांनी. म्हणाले, सूनबाई औषध कसं देते ते मला माहीत नाही, पण गुप्तता फार पाळते."

मी खरोखरच पाळली. नवऱ्याजवळ हसले तेवढंच. सासूबाईंशी तर मी त्या दुपारविषयी चकार शब्द काढला नाही. त्यांना टोप माहीत होता, पण पलंगाखालचा प्रसंग माहीत नसावा अशी माझी समजूत. पुष्कळ वर्षांनी एकदा आम्ही दोघी गच्चीवर सांडगे घालत होतो. मी सहज म्हणाले, "आई, त्या दिवशी ठकीची साखळी कशी सुटली असेल, मला अजून कोडं आहे. मी स्वतः कडी अडकवली होती."

"चांगली घट्ट होती," सासूबाई म्हणाल्या. "माझी नखं मोडली."

माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

"हात धुवायला गेले तर ती अशी रडत होती, मला बघवेना. सोडली. ती सरळ मागच्या खोलीत गेली. मी आपली तिच्यामागे. हे घोरत होते. टोप उशीशेजारी काढून ठेवलेला, डोक्याला वारा लागावा म्हणून. तिनं हुंगला, अलगद उचलला, अगदी पिल्लू उचलावं तसा, आणि गेली पलंगाखाली."

"तुम्ही बघत होतात?"

"दारात उभी होते की."

"मग दादांना उठवलं का नाही?"

सासूबाईंनी एक सांडगा घातला, मग दुसरा, त्याच्या बरोबर शेजारी. "अगं, एवढी लग्नं आयुष्यात बघितली. माझ्या लग्नाच्या याद्या माझ्या काकांनी केल्या, नणंदेच्या यांनी. मुलाच्या तरी आपण करून बघाव्यात असं फार मनात होतं. पण हे असताना कसलं जमतंय? म्हटलं, देवानं कुत्रीच्या रूपानं अर्धा तास दिलाय." त्या थांबल्या. "मग मी दार ओढून घेतलं."

जिन्याच्या खालून दादासाहेबांची हाक आली. "अहो, ऐकलंत का? चहाचं काय झालं?"

सासूबाई कठड्याशी गेल्या. "पातेलं शेगडीवर आहे, साखर डब्यात," त्यांनी खाली वाकून सांगितलं. "आम्हालाही दोन कप वर आणा."